कानिफनाथच्या गाडीतली वायर

घोडेगावच्या चौकात शिंगणापूरचा रस्ता फुटतो, तिथून शंभर पावलांवर याकोब भिंगारदिवेचं दुकान आहे. पत्र्याची शेड, पुढं एका गाडीपुरती सिमेंटची फरशी आणि आत एक लाकडी फळी. फळीवर पक्कड, टेस्टर, मीटर, कापडी टेपची रिळं, ज्याची त्याची जागा ठरलेली. गाडीच्या वायरचं काम हा त्याचा धंदा. बॅटरी उतरली, हॉर्न वाजेना, काच खाली येईना, तर माणसं त्याच्याकडं येतात. इंजिनाला तो हात लावत नाही. "त्याला दुसरा माणूस बघा, मला त्यातलं कळत न्हाई," असं सरळ सांगून मोकळा होतो.

पण नगरपासून नेवाशापर्यंत त्याचं नाव झालं ते एका कामामुळं. गाडीत नंतर बसवलेली कुठलीही वस्तू असो, याकोबनं टाकलेली वायर दिसत नाही. कॅमेरे बसवणारे पुष्कळ झालेत. पुढच्या काचेला कॅमेरा चिकटवायचा, वायर काचेवरून खाली सोडायची आणि गिअरजवळच्या चार्जिंगच्या सॉकेटात खुपसायची, दहा मिनिटांत काम खलास. याकोबला ते बघवत नाही. गाडीच्या तोंडावर शेवया वाळत घातल्यासारखं दिसतं, असं तो म्हणतो.

तो तासन्‌तास लावतो. कॅमेरा आरशाच्या मागं, ड्रायव्हरच्या नजरेत येणार नाही असा. तिथून वायर छताच्या अस्तरात बोटानं सारत सारत कोपऱ्यापर्यंत न्यायची. काचेच्या कडेचा खांब असतो, त्याची पट्टी प्लॅस्टिकच्या पातीनं हलकेच सोडवायची. आत एअरबॅग असते. वायर तिच्या पुढून नेली तर अपघातात बॅग फुगताना तीच वायर तोंडावर येते, म्हणून ती मागून न्यायची आणि दर वितीला बांधायची. मग दाराच्या रबराखालून स्टिअरिंगच्या खाली फ्यूजच्या डबीत. ज्या फ्यूजचा दिव्यांशी, ब्रेकशी, एअरबॅगशी संबंध नाही तेवढाच निवडायचा. अर्थिंग रंग खरवडलेल्या बोल्टला. सगळं झालं की पट्टी बसवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढायचे, आणि पट्टी बसवल्यावर पुन्हा.

ही सवय त्याच्या बापाची. बाप सॅमसन मिशनच्या शाळेत वायरमन होता. त्याच्याजवळ मोबाईल नव्हता, पण भिंतीत वायर गाडण्याआधी तो वहीत तिचं चित्र काढून ठेवायचा. झाकलेलं काम उद्या दुसऱ्या कुणी उघडलं तर त्यानं आपल्याला शिव्या देऊ नयेत, एवढंच त्याचं म्हणणं.

याकोबचा मित्र म्हणावा असा माणूस एकच, कानिफनाथ. ओळख झाली तेव्हा कानिफनाथ दुधाचा टेम्पो चालवायचा, चांद्याच्या रस्त्यानं वस्त्या-वस्त्यांवरून कॅन गोळा करायचा. टेम्पोचा एक दिवा कायम गेलेला असायचा. याकोबनं तो तीनदा दुरुस्त केला, चौथ्यांदा सगळी वायरच बदलून टाकली, आणि त्या दिवसापासून कानिफनाथ रोज सकाळी दुकानात पाच मिनिटं टेकायला लागला. याकोबची बायको हन्ना पहिल्या बाळंतपणात अडली, तेव्हा दुधाचे कॅन रस्त्यावर उतरवून त्यानं तिला त्याच टेम्पोत नगरला मिशनच्या दवाखान्यात पोचवलं होतं. मुलगी झाली, मोनिका. ती आता पुण्याला नर्सिंग शिकते. तिच्या बाप्तिस्म्याला कानिफनाथ पहिल्या रांगेत बसला होता, टोपी काढायची का ठेवायची हे न कळून अर्धा वेळ टोपी हातात धरून.

दर नाताळला तो याकोबच्या घरी जेवायला यायचा. त्याच्या घरच्यांना ते रुचत नसे. याकोब त्याच्या वस्तीवर गेला तर त्याच्या आईनं चहा ओट्यावरच बाहेर पाठवायचा, हे दोघांनाही ठाऊक होतं. कानिफनाथ मात्र याकोबच्या चुलीपुढं मांडी घालून बसायचा आणि हन्नाकडं दुसऱ्यांदा रस्सा मागायचा. याकोबच्या लेखी त्या एका गोष्टीचं मोल फार मोठं होतं. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही.

पुढं कानिफनाथनं दूध संकलनाचं केंद्र काढलं, एकाचे सहा टेम्पो झाले, लोक त्याला शेठ म्हणू लागले. एका दिवाळीनंतर त्यानं सात सीटांची पांढरी गाडी घेतली आणि तिसऱ्याच दिवशी ती याकोबच्या फरशीवर आणून उभी केली. मागच्या सीटवर दोन खोकी होती. एकात पुढचा-मागचा कॅमेरा. दुसऱ्यातली काळी डबी याकोबनं उलटसुलट करून पाहिली.

"हे काय रं?"

"हायवेवर स्पीडचे कॅमेरे बसवलेत न्हवं? ते जवळ आले की ही आधीच वाजती. भाच्यानं दुबईवरनं आनली."

"हे चालतं का आपल्याकडं?"

"न दिसल्यावर कोन इचारतंय? म्हनून तर तुझ्याकडं आनलीय."

याकोबनं डबी खोक्यात ठेवली. "हायवेचं ठीक. पन तुझं निम्मं फिरनं चांद्याच्या रस्त्यानं. तिथं कुठला आलाय कॅमेरा? तिथं मान्सं हायेत, बकऱ्या हायेत, उसाच्या गाड्या हायेत. त्यांच्यासाठी काय वाजत न्हाई ही."

"बसिव रं. पाद्र्यावानी बोलू नको."

दोघंही हसले आणि याकोबनं कामाला हात घातला. सकाळी नऊला सुरुवात केली, दुपारी तीनला उठला. काळी डबी त्यानं आरशाच्या बुंध्याशी अशी बसवली की बाहेरून पाहणाऱ्याला ती आरशाचाच भाग वाटावी. दोन्ही वस्तूंना वीज एकाच फ्यूजवरून दिली, चार्जिंग सॉकेटच्या. दिव्यांच्या फ्यूजकडं तो फिरकलाही नाही. कानिफनाथ सीटवर बसला, इकडंतिकडं बघितलं, पट्टीवरून हात फिरवला.

"टाकलीयस का न्हाई वायर?" त्यानं विचारलं.

याकोबला त्याहून मोठी शाबासकी नको होती.

जानेवारीतली गोष्ट. मंगळवार होता. याकोब सकाळी सातला दुकान उघडत होता, तेवढ्यात पांढरी गाडी येऊन थांबली. कानिफनाथ एवढ्या लवकर कधी येत नसे. गाडीच्या डाव्या अंगाचा बंपर फुटला होता, एक तुकडा गायब होता, दिव्याच्या काचेला तडा गेला होता.

"काल रानडुक्कर आडवं आलं," कानिफनाथ म्हणाला. "आता गाडी नगरला शोरूमला न्यायचीय. ते बाहेरची वायर दिसली की वॉरंटीला नाट लावत्यात. कॅमेरा, डबी, समदं काढ. काय बसवलं हुतं हे कळता कामा नये."

"डुकराचं काय झालं?"

"पळालं."

उसाच्या भागात डुकरं आडवी येतातच. शोरूमवालेही नाट लावतातच. याकोबनं दुसरं काही विचारलं नाही. कॅमेरा सोडवताना त्यातलं कार्ड जागेवर नाही हे त्याच्या ध्यानात आलं. "कार्ड?" तो म्हणाला. "माझ्याकडं हाय," कानिफनाथनं सांगितलं. दोन तासांत याकोबनं जशी घातली तशीच वायर मागं खेचून घेतली, फ्यूज होता तसा बसवला, काचेवरचा डिंक स्पिरिटनं पुसला, इतका की काचेवर बोटाचा ठसासुद्धा राहिला नाही. मग नेहमीप्रमाणं दिवे, हॉर्न, वायपर लावून बघितले. तडा गेलेला दिवासुद्धा लखलखीत पेटत होता. त्यानं सगळे फोटो काढले. कानिफनाथ तेव्हा चौकात चहा प्यायला गेला होता. परत येऊन त्यानं वस्तू पिशवीत घातल्या आणि जाताना याकोबच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझ्यासारखा मानूस न्हाई, याकोबा."

त्याच दुपारी चहाच्या टपरीवर बातमी आली. आदल्या संध्याकाळी, पावणेसातच्या सुमारास, चांद्याच्या रस्त्यावर एका पांढऱ्या गाडीनं भागूबाईला उडवलं होतं. भागूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची. डेअरीला दूध घालून किटली घेऊन घरी निघाली होती. गाडी थांबली नाही. उसाचा ट्रॅक्टर येईपर्यंत ती वीस मिनिटं पाण्याच्या चारीच्या कडेला पडून होती. खुबा आणि मांडी मोडली होती, नगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं.

याकोबचा चहा हातातच राहिला. तो दुकानात आला आणि फळीपुढं स्टुलावर बसला. त्यानं कानिफनाथला फोन लावला. तीनदा लावला, तीनदा वाजून बंद झाला. घरी गेल्यावर त्यानं हन्नाला सांगितलं.

"डुक्कर असंल," तो शेवटी म्हणाला.

हन्ना भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमाला तसं वाटतंय का?"

तो पोलिसांकडं गेला नाही. आपल्या माणसाबद्दल असं काही मनात आणणं हेच त्याला पाप वाटत होतं. आधी कानिफच्या तोंडून ऐकू, मग बघू, असं म्हणत त्यानं दोन दिवस काढले. ते दोन दिवस त्याला पुढं फार जड गेले.

तिसऱ्या दिवशी हवालदार वैजनाथ मोटारसायकलवरून आला. हा तिथला जुना माणूस, याकोबनं त्याच्याही गाडीचा हॉर्न कधीकाळी दुरुस्त केलेला. तो स्टुलावर बसला आणि त्यानं फाईल उघडली.

"तिथं पडलेल्या बंपरच्या तुकड्यावरनं गाडी सापडली," तो म्हणाला. "कानिफनाथशेठची. त्यांनी जबाब दिलाय. त्यात तुमचं नाव आहे."

"माझं?"

"वाचून दाखवतो." हवालदारानं चष्मा लावला. "सदर गाडीत घोडेगाव येथील याकोब भिंगारदिवे यांनी कॅमेरा बसवला होता. त्यांनी केलेल्या सदोष वायरिंगमुळे घटनेच्या वेळी गाडीचे दोन्ही दिवे अचानक बंद पडले व समोरचे काही दिसले नाही. कॅमेरादेखील त्याच कारणाने बंद होता, त्यामुळे चित्रीकरण उपलब्ध नाही. दुसऱ्या दिवशी मी गाडी त्यांच्याकडे नेली असता त्यांनी स्वतःची चूक मान्य करून सर्व वायरिंग काढून टाकले."

काळ्या डबीचा उल्लेख कुठंच नव्हता.

याकोबला आधी वाटलं, हवालदार चुकीचं वाचतोय. "पुन्ना वाचा," तो म्हणाला. हवालदारानं पुन्हा वाचलं. चूक मान्य करून. या तीन शब्दांपाशी याकोब अडून राहिला. कानिफनाथ घाबरला असेल, खोटं बोलला असेल, एवढ्यापर्यंत त्यानं मनाची तयारी केली होती. पण त्या सकाळी तो आला होता ते नुसता पुरावा काढून न्यायला नव्हे. त्यानं याकोबकडून त्याच्याच हातानं काच पुसून घेतली होती आणि ते पुसणंच त्याच्या गळ्यात अडकवलं होतं. खांद्यावर हात ठेवला तेव्हा हे सगळं त्याच्या डोक्यात तयार होतं का? याकोब त्या खांद्याला नकळत चोळत राहिला.

"खरं काय ते सांगा," हवालदार म्हणाला. "मी लिहून घेतो."

"मी सांगितलेलं लिहिणार का त्यांनी सांगितलेलं?"

हवालदार रागावला नाही. "दोन्ही लिहिणार," तो म्हणाला.

याकोबनं सगळं सांगितलं. डबीचंही सांगितलं, ती आपणच लपवून बसवली हेही. रानडुकराचं, वॉरंटीचं, कॅमेऱ्यातल्या कार्डाच्या रिकाम्या जागेचं सांगितलं. मोबाईल काढून फोटो दाखवले. त्यात फ्यूजची डबी होती, दोन महिन्यांपूर्वीची आणि मंगळवारची. शेवटचा फोटो स्टिअरिंगपुढच्या मीटरचा होता. दिवे चालू असल्याची हिरवी खूण त्यात दिसत होती आणि वर वेळ, नऊ वाजून बारा मिनिटं.

"दिवे बंद पडले असतील त्यांच्या गाडीचे," तो म्हणाला, "पन माझ्या वायरीनं न्हाई. आरटीओच्या साहेबांना गाडी उघडून बघू द्या. मला तिथं उभं राहू द्या."

तोवर गावात बोभाटा झालाच होता. कानिफनाथच्या डेअरीचे सहा टेम्पो त्याच आठवड्यात दुसऱ्या वायरवाल्याकडं गेले. कॅमेरा बसवायला म्हणून वेळ ठरवलेल्या दोघांनी फोन करून नको म्हणून कळवलं. एकानं कारण दिलं नाही. दुसऱ्यानं दिलं, "घरचे म्हनत्यात, दिवे जात्यात तुमच्या वायरीनं." रविवारी उपासनेनंतर खुद्द पाळकसाहेबांनी त्याला बाजूला घेतलं आणि अवघडून विचारलं, माझ्याही गाडीची वायर एकदा बघतोस का, सहज. याकोबनं तिथंच चर्चच्या आवारात पट्टी सोडवून दाखवली आणि पुन्हा बसवली. पाळकसाहेब लाजले. याकोब मात्र घरी येऊन जेवला नाही.

आठ दिवसांनी पोलीस ठाण्याच्या आवारात आरटीओचे निरीक्षक आले. तरुण माणूस होता, बोलायला तुटक. त्यांनी याकोबला बाजूला उभं केलं आणि स्वतः खांबाची पट्टी सोडवली, फ्यूजची डबी उघडली, दिव्यांची लाईन टोकापासून टोकापर्यंत तपासली. कंपनीनं वायरवर घातलेल्या गुंडाळीवर कुठं काप नव्हता, कुठं जळाल्याची खूण नव्हती. एअरबॅगच्या मागं, जिथं वायर बांधली होती, तिथं कापडी टेपचं एक इवलंसं वेटोळं राहून गेलं होतं. निरीक्षकांनी ते बॅटरीच्या उजेडात बघितलं.

"बॅगच्या मागून नेली होती?"

"व्हय साहेब."

"सगळे पुढून नेतात," निरीक्षक स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं की दिव्यांच्या यंत्रणेत कसलाही दोष आढळला नाही, आणि नंतर जोडलेल्या वस्तूंचा दिव्यांशी संबंध नव्हता.

याकोबला आनंद व्हायला हवा होता. ठाण्याबाहेर पडताना त्याला एवढंच जाणवलं की आता काही तरी गैरसमज असेल असं म्हणायलाही जागा राहिली नाही.

कार्ड सापडलं नाही. कॅमेरा आणि डबी, दोन्ही वस्तूंची पिशवीही सापडली नाही. कानिफनाथला अटक झाली आणि दोनच दिवसांत जामीन झाला. त्यानंतरच्या गुरुवारी, भर दुपारी, तो दुकानात आला. कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आला होता. पूर्वीसारखाच स्टूल ओढून बसला. याकोब एका जीपच्या स्टिअरिंगखाली आडवा होता. तो उठून बाहेर आला आणि उभाच राहिला.

"तू असं करायला नको हुतं," कानिफनाथ म्हणाला.

"मी?"

"फोटो कशाला दिले? तुझ्यावर काय केस पडनार हुती? वायरचा दोष निघाला असता, समज दिली असती, मिटलं असतं. माझ्यावर कलमं लागलीत, याकोबा. सहा टेम्पो, वीस मान्सांची पोटं हायेत माझ्यावर."

"आन्‌ त्या बाईचं?"

"तिचं मी बघनारच हुतो. मी काय जनावर हाय का? घाबरलो. अंधार पडत आलेला, ती एकदम रस्त्यात आली."

"दिवे गेल्ते का तुझे?"

रस्त्यावरून शिंगणापूरला निघालेली एक बस हॉर्न देत गेली.

"दिवे गेल्ते का, कानिफ?"

"न्हाई."

"मग माझं नाव का घेतलंस? गावात चार वायरवाले हायेत. कुनाचंबी घ्यायचं."

कानिफनाथनं वर बघितलं. पुढं तो जे बोलला त्यात त्याला वावगं काही वाटत नव्हतं, आणि याकोबला तेच विसरता आलं नाही.

"दुसरा कोनी उलटला असता," तो म्हणाला. "तू न्हाई उलटायचा, असं वाटलं. तू माझा हायेस म्हनून घेतलं."

वीस-बावीस वर्षांची मैत्री या एका वाक्यात मावली होती, आणि तिचा अर्थ तो समजत होता तो नव्हताच. चुलीपुढं मांडी घालून बसणारा, दुसऱ्यांदा रस्सा मागणारा माणूस खरा होता, टेम्पोत हन्नाला नेणाराही खरा होता. पण त्या माणसाच्या हिशेबी याकोब हा न उलटणारा होता. वस्तीवर ओट्यावर बसून चहा पिणारा, त्याबद्दल कधी न बोलणारा. याकोबला वाटलं, आपण तेव्हाच एकदा बोलायला हवं होतं.

"ऊठ," तो म्हणाला.

"याकोबा..."

"ऊठ. मला काम हाय."

कानिफनाथ उठला. जाताना त्यानं घरची विचारपूस केली, वहिनी बरी आहे ना, मोनिकाची परीक्षा कधी. सवयीनंच केली असावी. याकोब जीपखाली गेला आणि बराच वेळ नुसता पडून राहिला. तारांचे रंग त्याला एकमेकांपासून वेगळे दिसेनात.

भागूबाईला दीड महिन्यानं घरी आणलं. हन्ना म्हणाली, आपण जायला पाहिजे. याकोबचे पाय निघत नव्हते. तिनंच पिशवीत मोसंब्या भरल्या आणि ती पुढं झाली.

चांद्याच्या रस्त्यालगत दोन खोल्यांचं घर. दारात भागूबाईची सून ज्ञानेश्वरी उभी होती. तिनं ओळखलं. "तुमीच का ते वायरवाले?" ती म्हणाली, आणि आत या म्हणाली नाही. आतून भागूबाईचा आवाज आला, "येऊ दे गं."

ती खाटेवर पडून होती. पाय उशांवर टेकवलेला, चेहरा वाळलेला, पण डोळे तरतरीत. हन्ना तिच्या उशाशी बसली. याकोब दाराशी टेकून उभा राहिला आणि त्यानं जे सांगायचं ते उभ्यानंच सांगितलं. कॅमेरा मीच काढला. मला ठाऊक नव्हतं, डुक्कर आडवं आलं असं तो म्हणाला होता. काच मीच पुसली. दोन दिवस गप्पही मीच बसलो.

भागूबाई ऐकत होती. "दिवे गेल्ते म्हनं त्याच्या गाडीचे," ती म्हणाली. "दवाखान्यात पोलीस इचारत हुता. मी सांगितलं त्याला, कशाचं गेल्तं बाबा. दोन्ही दिवे माझ्या डोळ्यात आले. म्हनून तर कुठं सरावं ते कळंना."

"व्हय," याकोब म्हणाला.

"बंपर फुटलेला बघितला तुमी?"

"बघितला."

"डुक्कर आदळलं तर केस चिकटत्यात, रगत लागतं. ते बघितलं का?"

याकोबनं मान खाली घातली. त्यानं पाहिलं नव्हतं. बंपरकडं त्याची नजर एकदाच गेली होती आणि नंतर सगळा वेळ आतल्या वायरवर होती.

"इचारायचं तरी," भागूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण तिनं ते शब्द मागंही घेतले नाहीत. मग ती ज्ञानेश्वरीला म्हणाली, "चहा टाक त्यांना." ज्ञानेश्वरीनं चहा टाकला. तो दोघांनी आत बसून प्यायला.

निघताना भागूबाईनं विचारलं, "कोर्टात सांगाल का हे?"

"सांगंन."

"बदलनार न्हाई ना? शेठमान्सं हायेत ती."

"न्हाई बदलनार."

उन्हाळ्यात कामं थोडी थोडी परत आली. निरीक्षकांनीच कुणाला तरी त्याचं नाव सांगितल्याचं कानावर आलं. डेअरीचे टेम्पो काही आले नाहीत. काळ्या डबीसारखी वस्तू घेऊन पुढं दोघं आले, त्यांना याकोबनं परत पाठवलं. नाताळला हन्नानं नेहमीएवढाच रस्सा केला आणि तो उरला, तेव्हा ती पातेलं उचलून शेजारी देऊन आली. मोनिकानं पुण्याहून आल्यावर विचारलं, कानिफकाका आले नाहीत का. मग तिला सगळं सांगावं लागलं. ती ऐकून उठली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. याकोब तिच्यामागं गेला नाही.

नेवाशाच्या कोर्टात त्याची साक्ष फेब्रुवारीत लागली. तो इस्त्रीचा शर्ट घालून, फोटोंच्या छापील प्रती पाकिटात घेऊन सकाळी दहालाच पोचला. व्हरांड्यात एकच लांब बाक होतं. त्याच्या एका टोकाला कानिफनाथ बसला होता, शेजारी त्याचा वकील, पुढं ओळीनं पक्षकार. कानिफनाथचे केस बरेच पिकले होते. याकोब पायऱ्या चढून वर आला तसं त्यानं पाहिलं आणि काही विचार न करता, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, तो थोडा सरकला. बाकावर एका माणसापुरती जागा झाली.

वकिलानं त्याच्याकडं पाहिलं. कानिफनाथच्याही ते ध्यानात आलं, पण आता पुन्हा पसरून बसणंही त्याला जमेना.

याकोबनं त्या जागेकडं बघितलं. मग तो समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पुकारा व्हायला पावणेदोन तास लागले. तेवढा वेळ तो उभा होता, आणि ती जागा तशीच मोकळी होती. शिपायानं त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्यानं पाकीट दुसऱ्या हातात घेतलं आणि तो आत गेला.